बिल्ड दोनदा लावायचा असतो

माझा मुलगा काविळीने गेला, आणि त्यानंतर काही महिन्यांनी त्याचा कॉम्प्युटर दुपारचा चहा मागायला लागला. हे असं लिहिलं की लोकांना वाटतं बाई सरकली. म्हणून काय झालं ते पहिल्यापासून सांगते.

आम्ही तेव्हा अंबरनाथला, बुवापाड्याच्या अलीकडे राहायचो. हे केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. माझं माहेर बदलापूरच्या पलीकडच्या गावातलं, भातशेतीचं. शाळा चौथीपर्यंत. दोन मुलं. मोठा इंजिनिअर झाला आणि जवळच्याच एका कारखान्यात कॉम्प्युटरच्या कामाला लागला, सकाळची पाळी. धाकटी बीएस्सी करून बदलापूरला कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायला जायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं. फोन घरात नुकताच आला होता.

कॉम्प्युटर उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका सिंधी दुकानदाराने जुळवून दिला. डब्यावर कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं. मी विचारलं, "कुठला आहे हा?" तर म्हणाला, "अम्मा, मेड इन यूएसए. उल्हासनगर सिंधी असोसिएशन." आणि आपला आपणच हसला. तो हे सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत असणार.

मुलगा पाळीवरून तीनला यायचा आणि त्या डब्यापुढे बसायचा. मला वाटायचं ऑफिसचं काम घरी आणतो. एकदा विचारलं तर म्हणाला, "ऑफिसचं नाही, आई. कंपायलरचं."

कंपायलर म्हणजे काय ते त्याने मला दोन-तीनदा सांगितलं. माणूस जे लिहितो ते मशीनला कळत नाही. ते मशीनला कळेल असं करून देणारा जो प्रोग्राम असतो, तो कंपायलर. हा कंपायलर एका वेगळ्याच भाषेचा होता. त्या भाषेत म्हणे एकदा ठेवलेली वस्तू बदलत नाहीत. डब्यात साखर ठेवली तर ती काढून मीठ भरायचं नाही. मीठ हवं तर नवा डबा घ्यायचा.

"मग भांडी किती होत असतील," मी म्हटलं.

"त्याचीच तर सगळी मारामारी आहे," तो म्हणाला.

हा कंपायलर कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. ज्याला हवा त्याने उघडून बघावा, काही मोडलं असेल तर दुरुस्त करावं आणि दुरुस्ती पाठवून द्यावी. बाहेरच्या देशातला एक माणूस ती तपासायचा आणि बरी वाटली तर आत घ्यायचा. पैसे कुणीच कुणाला देत नव्हतं. शेजारची बाई मला म्हणायची, "तुझा पोरगा गोऱ्यांची फुकट हमाली करतो का गो?" तेव्हा मला राग यायचा, कारण मलाही तसंच वाटत होतं.

त्याने घेतलेलं काम असं होतं. माणसाने लिहिताना चूक केली की कंपायलर सांगायचा, अमुक ओळीत चूक आहे. पण कधीकधी चूक असायची एका ओळीत आणि हा बोट दाखवायचा भलत्याच ओळीकडे. माणूस तिथे शोधत बसायचा. ते सुधारायचं त्याने मनावर घेतलं होतं. किती दिवस त्यात गेले ते मला माहीत नाही, पण जेवताना भात कालवता कालवता तो मध्येच थांबायचा आणि हवेत बोटाने काहीतरी लिहायचा.

कंपायलरमध्ये काही बदललं की तो सगळा नव्याने बनवावा लागायचा. त्याला ही मुलं बिल्ड म्हणायची. "बिल्ड लावलाय, कुणी हात लावू नका," असं बजावून तो पलंगावर आडवा व्हायचा. सगळा बिल्ड लावला तर अख्खा दिवस जायचा. थोडाच असला तर तासा-दोन तासात. संपला हे कळावं म्हणून त्याने आपल्या मशीनमध्ये घंटी टाकली होती. छोटं काम असेल तर ती गप्प असायची, पण काम लांबलं की शेवटी वाजायची. एकदा टूं, मग जरा थांबून टूं-टूं. ती वाजली की तो पलंगावरूनच ओरडायचा, "आई, चहा!" नंतर नंतर ओरडायचंही बंद झालं. घंटी वाजली की मी आधण ठेवायचे.

मग कावीळ झाली. आधी गावठी औषध केलं, मग दवाखाना केला. डोळे हळदीसारखे झाले, मग बरळायला लागला आणि गेला. त्याबद्दल यापेक्षा जास्त मला लिहायचं नाही.

कॉम्प्युटरवर चादर टाकली. त्या खोलीत कुणी जाईना. यांनी कपड्यांचं कपाटसुद्धा बाहेर आणून ठेवलं, म्हणजे जायचं कारणच नको.

चार-पाच महिन्यांनी मुलीने चादर काढली. म्हणाली, "दादाचं काम अर्धं राहिलंय. मी ते पुरं करून पाठवणार." बाहेरच्या त्या माणसाला तिने मेल करून कळवलं होतं की भाऊ गेला, पुढचं मी बघते. त्याचं उत्तर आलं होतं. वाईट वाटलं असं लिहून खाली विचारलं होतं की काम कुठवर आलं आहे. मला हे उत्तर आवडलं. आमच्याकडे भेटायला येणारे तासन् तास बसून रडायचे आणि जाताना विचारायचे, मुलीचं काय बघितलंत.

एका दुपारी मुलगी क्लासला गेली होती. हे दिवसपाळीला. मी एकटीच ओट्याशी तांदूळ निवडत होते. आतल्या खोलीत वाजलं. टूं. मग टूं-टूं.

मी उठले. पातेल्यात पाणी घातलं, गॅस पेटवला, साखर टाकली, आलं ठेचलं. त्याचा स्टीलचा पेला फळीवरून काढून पुसला. चहा गाळायला लागले तेव्हा हात थांबला. कुणासाठी गाळतेय?

खोलीत जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं. पडद्यावर पांढरी अक्षरं, खाली एक बारकी रेघ लुकलुकत होती. खुर्ची नेहमीसारखी जरा वळलेली, तो उठून गेल्यावर राहायची तशी. मुलगीच तशी ठेवून गेली असणार. पण मी तिथे उभी राहिले आणि मानेवर काटा आला. भित्री नाही मी. लहानपणी मसणवटीच्या बांधावरून एकटी गुरं आणायचे. तरी त्या खुर्चीला हात लावायचा धीर झाला नाही.

चहा मोरीत ओतला.

मुलगी आल्यावर म्हणाली, "अगं, मी जाताना बिल्ड लावून गेले होते. दादाच्याच जुन्या कंपायलरवर लावला ना, त्यात त्याने घंटी टाकलीय. नवा झाला की जाईल."

ठीक आहे, म्हटलं.

नवा झाला. दोन दिवसांनी भर दुपारी परत वाजला, तसाच. ह्या वेळी मुलगी समोरच बसली होती. तिचा चेहरा बघून मला कळलं की हे तिलाही नवीन आहे.

"आई, हा नवा आहे. ह्यात घंटी नाही."

"मग वाजलं काय?"

"तेच तर." ती पडद्यावर अक्षरं भराभर वर-खाली करत होती. "मी सगळा कोरा माल बाहेरून उतरवला. त्यात फक्त त्याची दुरुस्ती घातली. घंटीचं एक अक्षर नाही ह्यात. शोधून झालं. कुठेच लिहिलेलं नाही."

कुठेच लिहिलेलं नाही आणि वाजतं, हे ऐकून मी देवापाशी दिवा लावला. दुसरं काय करणार होते? लावला आणि परत भाकऱ्या थापायला बसले.

भिंतीपलीकडून शेजारीण आली. ती मूळची आमच्याच बाजूची, बोलणं अजून गावचं.

"पोराची मशीन वाजली ना गो आज?"

"वाजली."

"परवापन वाजली. मना वाटला लेक वाजवतंय. वहिनी, माझा ऐक, भगताला दाखव. काय मागतंय ता इचारून घे."

"काय मागतंय ते मला माहिताय," मी म्हटलं. "चहा मागतंय. आणि तुझ्या भगताला कॉम्प्युटर कळतो का?"

"त्याला माणसा कळतान," ती म्हणाली आणि रागावून निघून गेली. जाताना उंबऱ्यात थांबून तिने आतल्या खोलीकडे हात जोडले. मला ते भगतापेक्षा वाईट वाटलं.

यांचं काय झालं ते सांगायला हवं. मुलगा गेल्यापासून हे घरात बोलतच नव्हते. कामावर जायचे, यायचे, जेवायचे. पण मशीन वाजतं हे कळल्यावर हे पाळी बदलून पहिलीला जाऊ लागले. तीनला घरी. आल्यावर हातपाय धुवून त्या खोलीत पलंगाच्या कडेला बसायचे. मुलीला विचारायचे, "आज लावलाय का?" तिने लावला असला तर बसून राहायचे. वाजलं की मला हाक मारायचे, "चहा टाक गं." मी दोन कप आणायचे, एक यांना, एक मुलीला. एकदा म्हणाले, "अजून एक आण." मी नाही आणला. त्यांनी परत मागितला नाही, पण त्या दिवशी स्वतःचाही अर्धाच प्यायले.

मुलीने त्या कॅम्प पाचच्या दुकानदाराला बोलावलं. तो स्कूटरवरून आला. मुलगा गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. ऐकल्यावर बराच वेळ हातातला स्क्रू ड्रायव्हर फिरवत बसला. मग डबा उघडून आत एक छोटा काळा गोल दाखवला. "अम्मा, आवाज इधरसेच येतो. ये वायर काढली की खलास. काढू काय?"

मी म्हटलं, "काढ."

हे म्हणाले, "राहू दे."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं आणि डबा बंद केला. पैसे घेतले नाहीत. "साईं, मेरेको टाइम नाही," असं काहीतरी पुटपुटत चहा न पिता गेला.

ह्या सगळ्या गडबडीत मुलीने एक गोष्ट करून टाकली होती. दुरुस्ती चालते असं बघून तिने ती बाहेर पाठवली. तेवढंच नाही, आमच्यासारखी स्वस्तातली मशीनं जगात बऱ्याच जणांकडे होती आणि त्यांना दिवसभर बिल्ड लावणं परवडायचं नाही. त्यांना आयता मिळावा म्हणून तिने आपल्याकडे बनवलेला कंपायलरच सगळ्यांसाठी ठेवून दिला. लोकांनी तो उतरवून घेतला. कोण, कुठले, किती, कुणालाच माहीत नाही.

मग मेल यायला लागल्या. फोनची वायर कॉम्प्युटरला लावली की तो आधी किंचाळायचा, मग खरखरायचा, आणि मग मेल उतरायच्या. मुलगी वाचून मराठीत सांगायची. कुणी ब्राझीलमधून लिहिलं होतं की तुमचा कंपायलर छान चालतो, पण मोठं काम संपलं की माझं मशीन तीन वेळा वाजतं, एकदा आणि मग दोनदा, हे मुद्दाम आहे का? कुणी दुसऱ्याने लिहिलं की रात्री घरातले दचकून उठतात. आणि त्या तपासणाऱ्या माणसाने एकच ओळ लिहिली होती. मुलीने ती दोनदा वाचली आणि कपाळावर हात मारला.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, बिल्ड दोनदा लावला होतास ना?"

तेव्हा मला पहिल्यांदा सगळं समजलं. हा कंपायलर स्वतःच्याच भाषेत लिहिलेला असतो. म्हणजे नवा बनवायला जुना लागतोच. जुना आपल्या हाताने नवा जोडतो आणि जोडताना आपल्याकडचे काही तयार सुटे भाग त्यात घालतो. घंटी त्या सुट्या भागात होती. नव्याच्या कागदावर नव्हती, पण अंगात आली होती. म्हणून ह्या लोकांची रीत अशी की बिल्ड दोनदा लावायचा. पहिल्यात जुन्याचा नवा करायचा, मग त्या नव्याकडून परत नवा करून घ्यायचा. दुसऱ्या खेपेला जुन्याचं काही उरत नाही. ही रीत मुलीला ठाऊक होती. पण आमच्याकडे शुक्रवारी दिवसभर लाईट जायची, दुसरा बिल्ड मध्येच मेला होता, आणि पहिला नीट चालतोय असं बघून तिने तोच पुढे धाडला.

"विरजणासारखं आहे, आई," ती म्हणाली. "कालच्या दह्याचं आज येतं."

"नाही," मी म्हटलं. "विरजणातलं कधी जात नाही. तुझं दुसऱ्या खेपेला जातं."

खोलीत हे बसले होते, त्यांनीही ऐकलं.

मग तपासणाऱ्याची दुसरी मेल आली की नवी आवृत्ती निघायची आहे. नीट दोनदा लावून पाठवला तर दुरुस्ती त्यात जाईल. नाही पाठवला तर ह्या खेपेला राहील. आणि डिस्कमध्ये आता जागा एवढीच उरली होती की दुसरा बिल्ड लावायचा तर मुलाचा जुना कंपायलर आणि त्याचे ते सुटे भाग पुसावे लागणार होते. पुसले की आमच्याकडची घंटी कायमची गेली. ती परत कशी घालायची ते त्याने कुठे लिहून ठेवलं नव्हतं. तशी दुसरी घंटी मुलगी करू शकली असती. पण ती तिची झाली असती.

हे म्हणाले, "राहू दे ना. कुणाचं काय बिघडतंय? वाजलं तर वाजलं."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. ती स्वतः ठरवू शकत नव्हती हे दिसत होतं. बापासमोर ती कधी तोंड वर करून बोललेली नाही.

मी म्हटलं, "तिकडे लोकांच्या घरात आपला मेलेला मुलगा वाजतोय. त्यांना माहीतसुद्धा नाही काय वाजतंय ते. आणि कुणी उठून चहा ठेवत नाहीये."

"तू कसाई आहेस," हे म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला असं कधी बोलले नव्हते.

"असेन. त्याने काय घंटी बनवायचं काम घेतलं होतं? त्याने बोट बरोबर ओळीवर यावं म्हणून काम घेतलं होतं. ते अर्धं ठेवून तुम्ही त्याची घंटी ऐकत बसणार?"

हे उठून बाहेर गेले. मी मुलीला म्हटलं, "पूस."

तिने पुसलं. दोन-तीन बटणं दाबली, एवढंच. मला वाटलं होतं काही दिसेल. काही दिसलं नाही.

दुसरा बिल्ड रविवारी रात्री आम्ही झोपेत असताना संपला, शेवटचं वाजलं असेल ते कुणी ऐकलं नाही. सोमवारी सकाळी तिने त्यातून निघालेल्या नव्याला मोठं काम लावून दिलं आणि सुट्टी घेऊन घरीच थांबली. तीनला हे आले. हातपाय धुतले नाहीत. तसेच बुटांसकट येऊन पलंगावर बसले. मीही स्वयंपाकघरातून येऊन भिंतीला टेकून बसले. पंखा फिरत होता. बाहेर नाल्याचा वास आणि कुणाच्या तरी रेडिओवर हिंदी गाणी. आम्ही तिघंही पडद्याकडे न बघता त्या डब्याकडे बघत होतो, आजारी माणसाच्या छातीकडे बघतात तसं.

चार वाजून गेले. कंपनीचा भोंगा झाला. मला बसल्या जागी ऐकू येत होतं की आता वाजेल, आता वाजेल. कानात आधीच वाजायला लागलं होतं. यांनाही येत असावं, कारण मध्येच त्यांनी मान उचलून मला विचारलं, "वाजलं का?"

"नाही."

बऱ्याच वेळाने मुलगी वाकून बघून म्हणाली, "झालंय. कधीच झालंय. पाऊण तास झाला."

म्हणजे पाऊण तास आम्ही संपलेल्या गोष्टीसमोर बसलो होतो.

मला वाटलं हे आता उठून जातील आणि पुढे माझ्याशी बोलणारही नाहीत. तसे ते नंतर बरेच दिवस नीट बोलले नाहीतच. पण तेव्हा उठले नाहीत. मुलीला म्हणाले, "चालतं का ते, त्याचं?"

मुलीने काही ओळी लिहिल्या आणि मधल्या एका ओळीत मुद्दाम चूक केली. कंपायलरला दिलं. पडद्यावर उत्तर आलं. तिने बोट ठेवून दाखवलं. "बघा बाबा. आधी हा इथे दाखवायचा, खाली. आता बरोबर इथे."

हे चष्मा लावून जवळ गेले. यांना इंग्रजी थोडं यायचं. ओळ बघितली, खालचं उत्तर बघितलं, परत ओळ बघितली.

"अजून एक चूक कर," म्हणाले.

तिने दुसरी केली. परत बरोबर ओळ.

"अजून एक."

मी स्वयंपाकघरात गेले. खोलीतून मुलीच्या टाइप करण्याचा आवाज येत होता, मग थोडा वेळ काहीच नाही, मग यांचं "हं", आणि परत टाइप. अंधार पडेपर्यंत ती दोघं चुका करत बसली होती. मी दिवाही लावायला गेले नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीने नवा कंपायलर पाठवला आणि आधी सगळ्यांसाठी ठेवलेला काढून टाकला. मी विचारलं, "ज्यांनी आधीच उतरवला त्यांचं काय?"

"त्यांचं काही करता येत नाही, आई. ते परत मागता येत नाही."